नावडत्या युद्धाचे सैनिक

मैलापूर : मार्च १९९० मध्ये भारतीय शांतिसेनेची अखेरची तुकडी श्रीलंकेहून मद्रास बंदरात उतरली, तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी स्वागतास गेले नाहीत. ही अनवधानाने झालेली गोष्ट नव्हती, तो राजकीय निर्णय होता. ज्या सैन्याने श्रीलंकेत तमिळ बंडखोरांशी युद्ध केले, त्याच्या गळ्यात हार घालणे द्रमुकच्या राजकारणात बसणारे नव्हते. दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंह यांचे राष्ट्रीय आघाडीचे सरकार होते आणि द्रमुक त्या आघाडीचा घटक होता. सैनिकांना मात्र कोणत्याही आघाडीत जागा नव्हती.

मैलापुरातून मरिना किनाऱ्याने उत्तरेकडे निघाले की वाटेत पहिल्या महायुद्धातील विजयाचे स्मारक लागते आणि त्यापुढे बंदर. अंतर थोडे, पण त्या काळात ते मनाने फार मोठे झाले होते. ईलमचा प्रश्न या शहराला वर्तमानपत्रातून कळलेला नव्हता. १९८२ मध्ये प्रभाकरन आणि उमा महेश्वरन यांच्यात गोळीबार झाला तो मैलापूरपासून जवळच, त्यागरायनगरच्या पाँडी बाजारात. पुढे २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली आणि लोकमत फिरले. परंतु फिरलेल्या लोकमताने परतलेल्या जवानांचे स्वागत मागाहून झाले, असे म्हणता येणार नाही.

जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारान्वये शांतता राखण्यासाठी गेलेल्या या सैन्याला ऑक्टोबरपासून लढावे लागले. अकराशेहून अधिक जवान परतले नाहीत. या मोहिमेत मराठा आणि महार या दोन्ही रेजिमेंटच्या पलटणी होत्या, हे महाराष्ट्रातही फारसे सांगितले जात नाही. शांतिसेनेतील एकमेव परमवीरचक्र ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मिळाले. ते तमिळ, पण जन्म मुंबईचा, १९४६ चा. शिक्षण साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत आणि महाविद्यालयात. मैलापूरच्या कित्येक घरांची एक शाखा माटुंग्यात असते, त्याच जगातले हे नाव. १९७२ मध्ये मद्रासच्या प्रशिक्षण संस्थेतून ते अधिकारी झाले आणि डॉ. आंबेडकरांच्या आग्रहानंतर १९४१ मध्ये बेळगावी उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. परमेश्वरन यांनी वळसा घेऊन शत्रूला पाठीमागून गाठले. छातीत गोळी लागल्यावरही हातघाईत एकाची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरपर्यंत ते हुकूम देत राहिले. त्या रेजिमेंटचे हे एकमेव परमवीरचक्र आहे. त्याचा अभिमान कोणी बाळगायचा, तमिळांनी की मराठ्यांनी, असा प्रश्न दोन्हीकडे कोणी फारसा विचारला नाही. तसा वाद झाला असता तर बरे झाले असते, असे कधी कधी वाटते.

ज्या प्रेमदासांनी शांतिसेनेला परत जाण्यास सांगितले, त्यांच्याच देशाच्या संसदेजवळ, श्रीजयवर्धनेपुर कोट्टे येथे, या जवानांचे स्मारक पुढे उभे राहिले. मार्च २०१५ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तेथे पुष्पचक्र वाहिले. दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक फेब्रुवारी २०१९ मध्ये उघडले आणि तेथे ही नावे कोरली गेली. म्हणजे मद्रासच्या धक्क्यावरील त्या दिवसानंतर जवळपास २९ वर्षांनी. युद्ध पुकारण्याचा निर्णय चुकला असेल, तर त्याचा जाब मंत्रिमंडळाला आणि संसदेला विचारावा. पलटणीने आदेश पाळला. हा भेद आपल्या राजकारणाला कारगिलच्या वेळी सहज समजला, कारण ते युद्ध लोकप्रिय होते.

मानवंदनेपेक्षा कसोटी लागते ती फायलींवर. शौर्यपदकप्राप्त जवानाच्या विधवेला मिळणारा भत्ता तिने पुनर्विवाह केल्यास बंद होई. अपवाद एकच, दिवंगत पतीच्या भावाशी लग्न केले तर. तिने कोणाशी संसार करावा हे सचिवालयाने ठरवण्याची ही तऱ्हा नोव्हेंबर २०१७ पर्यंत चालू होती. तोवर किती सरकारे आली आणि गेली, याची मोजदाद वाचकांनीच करावी. 'समान पद, समान निवृत्तिवेतन' या मागणीवर राज्यसभेच्या कोश्यारी समितीने डिसेंबर २०११ मध्ये अनुकूल अहवाल दिला. आदेश निघाला नोव्हेंबर २०१५ मध्ये, तोही माजी सैनिक जंतरमंतरवर बसल्यानंतर.

विकलांगता निवृत्तिवेतनाची कथा अधिक खेदाची आहे. लष्करी न्यायाधिकरणात जवान जिंकतो आणि सरकार वरच्या न्यायालयात जाते. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी अशी कज्जेदलाली कमी करण्यासाठी २०१५ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली होती. तिच्या अहवालानंतरही सवय सुटली नाही. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या अशा सुमारे ३०० याचिका एकत्रितपणे फेटाळल्या. बनावट दावे असतात, हा मंत्रालयाचा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नाही. परंतु म्हणून प्रत्येक जखमी जवानाला संशयित मानून त्याच्याविरुद्ध सरकारी वकील उभा करणे, हे १४ जानेवारीच्या माजी सैनिक दिनाच्या भाषणांशी जुळत नाही.

या पानाचे कित्येक वाचक मंत्रालयांतून वा जिल्हाधिकारी कार्यालयांतून काम करतात. 'अपील करावे' असा शेरा मारणारा हात कधी त्यांच्यापैकी एखाद्याचाच असतो, आणि सैनिक कल्याण कार्यालयातून आलेला विधवेचा अर्ज पुढच्या टेबलावर सरकवणारा हातही. संरक्षणविषयक स्थायी समितीने मंत्रालयाकडून दरवर्षी एक साधे विवरण मागावे : किती सैनिकांविरुद्ध आणि विधवांविरुद्ध अपिले केली, किती हरली, वकिलांवर किती खर्च झाला. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. अनुदानाच्या मागण्यांची छाननी समिती दरवर्षी करतेच. त्याच बैठकीत हा प्रश्न विचारता येईल.