नाडीखालचं दुखणं

पस्तीस-चाळीस किलो वजन उतरवलेल्या माणसाचं गावात कौतुक होतं. जुन्या फोटोशेजारी नवा फोटो लावून तो मोबाइलवर फिरतो. परकराच्या नाडीखाली किंवा पँटच्या पट्ट्याखाली जे चाललेलं असतं, ते त्या फोटोत येत नाही. पोटाची कातडी सैल होऊन खाली उतरते, काहींची तर जांघेपर्यंत. त्या घडीत घाम साचतो, कातडीवर कातडी घासते, लाल होते, चिघळते, बुरशी धरते. कुर्डुवाडीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेल्यावर हे दुखणं घेऊन खुरपायला बसणं किंवा दिवसभर दुकानात उभं राहणं काय असतं, ते भोगणाऱ्यालाच माहीत. मलम लावलं की आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

ही कातडी काढून टाकता येते. पण शस्त्रक्रियेचं नाव निघालं की घरातलेच विचारतात, ‘एवढं बारीक झालीस, आता पोट कशाला कापून घेतेस?’ हे सगळं सुंदर दिसण्यासाठी चाललंय, असं गृहीत धरलं जातं. माझं मत वेगळं आहे. ज्याच्या घडीत वारंवार जखमा होतात, त्याच्यासाठी हा वजनाच्या उपचाराचाच राहून गेलेला भाग आहे. १८९९ साली अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. हॉवर्ड केली यांनी पोटाची अशी लोंबणारी कातडी-चरबी कापून काढली. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्या ओझ्यानं हैराण झालेल्या रुग्णाची सुटका करणं, हा त्यांचा हेतू होता.

आपल्या भागात वजन उतरवण्याची लाट आली ती आपल्याच रेल्वेमार्गावरच्या लातूरहून. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगितलं. ते घराघरांत पोहोचलं. त्याआधी २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याबद्दल ते उघडपणे बोलले, तेव्हा तोही विषय कुजबुजीचा राहिला नाही. आता २०२५ पासून मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनंही भारतात मिळू लागली. वजन उतरवण्याचे रस्ते वाढले, तशी सैल कातडी घेऊन जगणारी माणसंही वाढणार.

कातडी आपोआप का आवळत नाही? वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले लवचीक तंतू तुटलेले असतात, जुन्या परकराच्या इलॅस्टिकसारखे. वय झालेलं असेल, दोन-तीन बाळंतपणं झालेली असतील तर आणखीच. व्यायामानं आतले स्नायू बळकट होतात, पण उरलेली कातडी कमी होत नाही. तेलं, क्रीम, पट्टे यांवर पैसे घालवू नका.

शस्त्रक्रियेची घाईही करू नका. वजन घटायचं थांबून निदान तीन ते सहा महिने एका जागी टिकलेलं हवं. वजनाची शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण वर्ष-दीड वर्षानंतरच हा विचार करतात. आधी केली आणि वजन पुन्हा उतरलं, तर कातडी पुन्हा लोंबते. मूल हवं असेल तर बाळंतपणानंतर करा. बेंबीशी हर्निया असेल तर तो आधीच तपासून घ्या. काहींची फक्त लोंबणारी कातडी काढतात, काहींचे आतले स्नायूही आवळतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. आपलं यातलं काय होणार, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आणि तो डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतला एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहे ना, याची खात्री करा. चकचकीत पाटी ही पदवी नव्हे.

आता तयारी. पहिली, आणि जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती: तंबाखू सोडण्याची. कातडी कापून खाली ओढून शिवतात, तेव्हा टाक्यांजवळच्या कडेला रक्त लांबून यावं लागतं. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी पोहोचतं, कड काळी पडते आणि जखम उघडते. म्हणून किमान चार ते सहा आठवडे आधी आणि नंतरही तितकेच दिवस तंबाखू पूर्ण बंद, असं सर्जन सांगतात. पण ते बहुतेक वेळा विचारतात, ‘सिगारेट ओढता का?’ आणि सोलापूर जिल्ह्यातली बाई खरं तेच सांगते, ‘नाही.’ ती मिशरी लावते. पहाटे चहाच्या आधी, दुपारी जेवणानंतर, पोट साफ होत नाही म्हणून आणखी एकदा. तिला ती दात घासण्याची पूड वाटते, व्यसन वाटतच नाही. सासरी लाज वाटते म्हणून काहीजणी चोरूनही लावतात. भाजलेली असली तरी मिशरी तंबाखूच आहे आणि तिचं निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात उतरतं. पुरुषांच्या गायछाप-चुन्याचं आणि गुटख्याचंही तेच. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. सासू किंवा नवरा शेजारी बसला असेल तर त्यांना बाहेर पाठवून सांगायचं. आणि डॉक्टरांनीही मिशरीचं नाव घेऊनच विचारायला हवं.

दुसरी तयारी ताटातली. खूप वजन उतरवलेल्या माणसात लोह, बी-१२ आणि प्रथिनं बरेचदा कमी असतात, आणि जखम भरते ती प्रथिनांवर. भाकरी आणि शेंगाचटणीवर ती पुरी पडत नाहीत. मटकी, हुलगा, डाळ, ताक, पनीर, अंडी, चालत असेल तर मासे-चिकन, हे काही महिने आधीपासून रोज पोटात गेलं पाहिजे. हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची साखर तपासा. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांपुढे ठेवा: रक्त पातळ करणारी, आयुर्वेदिक, दुकानातून आणलेली लसणाची कॅप्सूलसुद्धा. वजनाचं इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञाला ते कळलंच पाहिजे. त्यानं पोट उशिरा रिकामं होतं आणि भुलेत उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

तिसरी तयारी घराची, आणि इथे घरच्यांची कसोटी आहे. कंबरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाके असतात. पहिले काही दिवस वाकूनच चालावं लागतं, आतलं पाणी काढणारी नळी आठवडा-दोन आठवडे राहू शकते, पोटाचा पट्टा साधारण दीड महिना. इतके दिवस हंडा उचलायचा नाही, धुण्याची बादली उचलायची नाही, लेकरू कडेवर घ्यायचं नाही. खाली बसून भाकरी थापणं आणि उकिडवं बसून संडास, दोन्ही अवघड जातं. म्हणून ऑपरेशनच्या तारखेआधी कमोडची खुर्ची, उंच पलंग आणि स्वयंपाकाला माणूस, एवढं ठरलेलं असावं. पुण्यात शस्त्रक्रिया झाली तर लगेच गाडी पकडून कुर्डुवाडीला यायची घाई नको. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका याच दिवसांत असतो. नळी निघेपर्यंत नातेवाइकांकडे किंवा खोली घेऊन तिथेच राहावं, आणि निघाल्यावर गाडीत अधूनमधून उठून चालावं. पोटरी सुजली किंवा दम लागला तर तडक दवाखाना गाठायचा. घरात मदतीला कोणीच नसेल, तर तारीख पुढे ढकललेली बरी. चौथ्या दिवशी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या फाटलेल्या टाक्यांचा दोष सर्जनचा नसतो.

पैशाचंही बोलू. विमा कंपन्या अशी शस्त्रक्रिया सौंदर्याची ठरवून नाकारतात. पण विमा नियामक प्राधिकरणानं २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या कलमात एक फट आहे: तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका टाळण्यासाठी उपचार गरजेचा आहे, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं, तर तो या बंदीत येत नाही. दावा लढवायचा तर पुरावा हवा, आणि तो पुण्यात नव्हे, इथल्या साध्या दवाखान्यात तयार होतो. सरकारी योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

म्हणून कुर्डुवाडी, माढा, टेंभुर्णी, मोडनिंबच्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. घडीतल्या जखमेसाठी पेशंट आला की नुसतं मलम देऊन परत पाठवू नका. जखम कुठे, किती, कितव्यांदा झाली, काय औषध दिलं, हे तारखेसह केसपेपरवर लिहा आणि पेशंटच्या संमतीनं फोटो काढून ठेवा. आणि पेशंटांनो, तो कागद जपून ठेवा.