रुमाल, यादी आणि डी ड्राइव्ह

गेल्या पावसाळ्यात गावाहून काकांचा फोन आला. "अरे, विहिरीतल्या हिश्श्याचा कागद तुझ्या कॉम्प्युटरवर आहे ना? तलाठ्याला दाखवायचाय." मी घरचा कॉम्प्युटर उघडला, शोधाच्या चौकटीत 'विहीर' लिहिलं. काही सेकंदांत उत्तर आलं: या शब्दाशी जुळणारं काही नाही. "काका, आपल्याकडे नाही," मी सांगून टाकलं. काकांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तालुक्याला खेटे घालायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी भलतंच काही शोधत असताना डी ड्राइव्हवरच्या 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये मला त्या विहिरीचे कागद दिसले. एक नाही, तीन. त्या पंधरवड्यातलं काकांचं हेलपाटणं मला अजून विसरता येत नाही.

कागद तिथेच होते. यंत्रानं मात्र ते नाहीत असं ठामपणे सांगितलं, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. 'सापडलं नाही' आणि 'नाही' या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. जुन्या दफ्तरात काम करणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

पुण्याचं पेशवे दफ्तर घ्या. कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले. त्या गठ्ठ्याला म्हणायचं रुमाल. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी तिथले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापून काढले. हे खंड अभ्यासकांच्या मांडीवर आले, म्हणून त्या दफ्तरात काय आहे याची वाट महाराष्ट्राला दिसली. पण त्यांच्या नावातच 'निवडक' हा शब्द आहे. खंडांत नाव आढळलं नाही म्हणून ते दफ्तरातही नाही, असं कोणी जाणता संशोधक म्हणणार नाही. शिवाय मूळ कागद बहुतेक मोडीतले. मोडी न येणाऱ्याच्या हातात नेमका हवा तोच कागद दिला तरी तो बाजूला ठेवून पुढे जाईल. भाषा त्याचीच, मराठीच. अक्षर ओळखीचं नाही. ही मोडीची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

यादी करणं हे माणसाचं फार जुनं काम. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयासाठी कॅलिमाकस या कवीनं ग्रंथांची सूची रचली, तीच १२० गुंडाळ्यांची होती. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट-शेर आणि त्याच्या सोबतच्या डोमिनिकन साधूंनी लॅटिन बायबलमधला शब्द कुठे कुठे आला आहे याची वर्णानुक्रमे सूची केली. आपल्याकडे भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली आणि तिच्या मागोमाग प्रतीकसूचीचे खंड निघाले. त्या सूचीत श्लोकाचा चरण शोधता येतो, पण चरणाची सुरुवात आठवत असेल तरच. मधलाच एखादा शब्द आठवत असेल, तर सूची मदत करत नाही. सूची करणाऱ्यानं कोणत्या दारातून आत जायचं हे ठरवलेलं असतं, आणि वापरणाऱ्याला ते दार माहीत असावं लागतं.

कॉम्प्युटरवर शोधायचे मार्गही दोनच. पहिला, दर वेळी सगळं उघडून वाचायचं. १९७३ साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये आणलेला 'ग्रेप' हा असा प्रामाणिक वाचणारा. ओळ न् ओळ पाहतो, वेळ घेतो, पण ज्या फाइली त्याच्या पुढ्यात ठेवल्या त्या खरोखर वाचतो. दुसरा मार्ग, आधी वाचून यादी करून ठेवायची आणि विचारलं की यादीत पाहून उत्तर द्यायचं. युनिक्सवरचा 'लोकेट' हा दुसऱ्या जातीचा. त्याची यादी साधारणपणे रात्री नव्यानं तयार होते, त्यामुळे सकाळी केलेली फाइल संध्याकाळी त्याला ठाऊक नसते. ज्यानं ही यादीची वेळ लावली त्याला हे कळतं. घरच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला मात्र आपण यादीला विचारतोय की फाइलींना, हेच कोणी सांगत नाही.

घरोघरच्या यंत्रांवर हा दुसरा मार्ग आला तो जवळपास तीन वर्षांच्या चढाओढीत. २००३ साली मायक्रोसॉफ्टनं विनएफएस नावाची कल्पना मांडली: फाइली नुसत्या कप्प्यांत न ठेवता माहितीच्या कोठारासारख्या साठवायच्या, म्हणजे हवं ते प्रश्न विचारून काढता येईल. २००६ साली ती गुंडाळली गेली. दरम्यान ऑक्टोबर २००४ मध्ये गूगल डेस्कटॉप आलं. ते २०११ मध्ये बंद झालं. एप्रिल २००५ मध्ये ॲपलनं स्पॉटलाइट आणलं. त्यामागे डॉमिनिक जाम्पाओलो हा अभियंता होता. आधी बीओएस या छोट्या प्रणालीत त्यानं फाइलव्यवस्थाच अशी घडवली होती, की फाइलीची नोंद बदलली की सूची त्याच क्षणी बदले. ती प्रणाली बाजारात टिकली नाही याचं मला वाईट वाटतं. २००७ च्या सुरुवातीला घरांत पोचलेल्या विंडोज व्हिस्टात सूची करणारा नोकर पहिल्या दिवसापासून पडद्यामागे काम करू लागला, आणि ती रचना थोड्याफार फरकानं आजही आपल्यासोबत आहे.

आता आपल्या घरात या. कॉम्प्युटर जोडून देणारा मुलगा डिस्कचे दोन भाग करतो आणि सांगून जातो, "महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा, फॉरमॅट मारला तरी जाणार नाही." सल्ला चांगला आहे, पिढ्यान् पिढ्यांचे फोटो त्यानं वाचवलेत. पण विंडोजची यादी मुळात सी ड्राइव्हवरच्या वापरणाऱ्याच्या फोल्डरांची असते. डी ड्राइव्ह तिच्यात आपण स्वतः घातल्याशिवाय येत नाही. म्हणजे घराघरांत मोलाचं ते सारं यादीबाहेर, आणि यादीत काय तर डाउनलोड केलेली बिलं. डी मध्ये जाऊन शोधलं तर यंत्र फाइलींची नावं चाळतं, पण आतला मजकूर ठरवून सांगितल्याशिवाय वाचत नाही.

हे कळल्यावर मी डी ड्राइव्ह यादीत घातला, यादी नव्यानं बांधायला लावली, रात्रभर यंत्र चालू ठेवलं. सकाळी पुन्हा 'विहीर' लिहिलं. तरीही तीनपैकी एकही कागद वर आला नाही.

पहिला कागद होता खरेदीखताचा स्कॅन. तो म्हणजे कागदाचा फोटो. त्यात यंत्राच्या लेखी एकही अक्षर नाही. दुसरा, मी स्वतः तहसीलदारांना लिहिलेला अर्ज, युनिकोडमध्ये, अगदी स्वच्छ. त्यात शब्द होता 'विहिरीतील'. आपल्याला तो विहिरीचाच वाटतो, कारण सामान्यरूप आपल्या रक्तात आहे. यंत्र मात्र शब्दाची सुरुवात अक्षराला अक्षर लावून पाहतं; 'विहीर' मधला दीर्घ ही आणि 'विहिरीतील' मधला ऱ्हस्व हि त्याच्या लेखी वेगळे. 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा' येत नाही, 'भाऊ' शोधलं तर 'भावाचा' येत नाही. शेतीचे आणि वाटणीचे आपले सगळे कागद तर याच शब्दांवर उभे असतात.

तिसरा कागद वडिलांचा. १९९८ साली त्यांनी स्वतः टाइप केलेला वाटणीपत्राचा मसुदा. इथे मोडी परत येते. त्या काळात मराठी लिहिण्यासाठी जे फाँट वापरात होते, त्यांतले बरेचसे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवत. कृतिदेव हा त्यांतला फार पसरलेला. कृतिदेवमध्ये 'विहीर' लिहिलं तर फाइलीत प्रत्यक्षात साठतात ती इंग्रजी अक्षरं: एफ, ओ, जी, एच, जे. पडद्यावर विहीर, पोटात ही पाच अक्षरं. यादी करणाऱ्यानं फाइल उघडली, वाचली, पाच निरर्थक अक्षरं नोंदवून ठेवली, आणि 'विहीर' विचारल्यावर नाही म्हणाला. वडिलांचा फाँट वेगळा होता, पण गोम तीच. तुमच्याकडे कृतिदेवच्या फाइली असतील तर इंग्रजीत ती पाच अक्षरं टाकून शोधून पाहा.

युनिकोडनं हे दुखणं बरंचसं घालवलं, सगळं नाही. 'शेतकऱ्यांची' हा शब्द घ्या. त्यातला ऱ्या दोन रीतींनी साठवता येतो: वेगळ्या ऱ नं, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण देऊन. डोळ्याला फरक दिसत नाही. 'ॲडव्होकेट' मधल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. त्याआधी तो तुकडे जोडून केला जाई. आणि सात-बारा? फाइलीच्या नावात तिरकी रेघ विंडोजला चालत नाही. म्हणून कोणी '७-१२' लिहितो, कोणी '712', कोणी 'सातबारा', कोणी 'उतारा नवीन'.

यात वापरणाऱ्याचा दोष आहे असं मला मुळीच वाटत नाही. आपण किती फाइली वाचल्या हे यंत्राला माहीत असतं. विंडोजच्या सूचीच्या सेटिंगमध्ये तो आकडा दिसतोही. तोच आकडा उत्तराच्या शेजारी का दिसू नये? 'डी ड्राइव्ह मी वाचलेला नाही, या फाइली नुसती चित्रं आहेत' एवढं एक वाक्य पडद्यावर आलं असतं तर काकांचे खेटे वाचले असते. मराठीचं सामान्यरूप ओळखणारा शोध हाही हट्ट आपण धरायला हवा. इंग्रजीच्या एकवचन-अनेकवचनाची काळजी घेणाऱ्यांना हे अशक्य नाही. आणि कचेऱ्या, छापखाने, संस्था, घरं यांतल्या जुन्या फाँटांतल्या फाइली आताच युनिकोडमध्ये आणायला हव्यात. रूपांतराची साधनं आहेत, पण फाइल कोणत्या फाँटमध्ये होती हे सांगणारी माणसं एकेक करून जात आहेत. मोडी वाचणारे असेच कमी होत गेले.

वडिलांच्या मसुद्याचं रूपांतर करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. काही जोडाक्षरं फुटली, ती हातानं दुरुस्त केली. शेवटच्या परिच्छेदात वडिलांनी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वारांनिशी लिहिल्या होत्या: सोमवार-मंगळवार आमचे, बुधवार-गुरुवार काकांचे. फोनवर वाचून दाखवलं तर काका म्हणाले, "बुधवार बरोबर आहे, गुरुवार नंतर बदलला होता. लिहून ठेव." लिहून ठेवलं. स्कॅनच्या फाइलीला आता नाव दिलंय: 'विहीर विहिरीतील हिस्सा खरेदीखत'.