जागरणाची प्रतिष्ठा

उन्हाळ्याच्या सुटीत न्यू जर्सीला धाकट्या बहिणीकडे महिनाभर राहून आम्ही दोघे जूनमध्ये इगतपुरीला परतलो आणि तिसऱ्या दिवशी वर्गावर उभे राहिलो. तेथील घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. त्यामुळे सकाळी अकराचा तास म्हणजे आमच्या शरीराच्या लेखी रात्रीचा दीड! रात्री मात्र डोळे टक्क उघडे. कसारा घाट चढून आलेल्या गाड्यांचे आवाज ऐकत पडून राहावे. पहाटे चारला धम्मगिरीवर साधकांना उठवणारी घंटा होते. आम्हांला त्या वेळेपर्यंत झोपेची चाहूलही नसे.

यामागचे शास्त्र आता बरेच उलगडले आहे. मेंदूतील एक लहानसे केंद्र प्रकाशाच्या आधारे झोप, भूक, शरीराचे तापमान यांचे वेळापत्रक सांभाळते. पेशींमधील या घड्याळाची यंत्रणा उकलणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग यांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेकांचे हे घड्याळ 24 तासांहून किंचित लांब असते. म्हणून पूर्वेकडे प्रवास करताना झोप अलीकडे ओढणे अधिक जड जाते. ते सावरण्यास ढोबळमानाने तासामागे एक दिवस लागतो.

सहकाऱ्यांनी आम्हांला समजून घेतले. 'जेट लॅग आहे, दोन दिवस तास घेऊ नका,' असे आपुलकीने सांगितले. तरीही आम्ही शिकवत होतो. विषय होता नारायण सुर्वे यांचा 1966 चा संग्रह 'माझे विद्यापीठ'. कष्टकऱ्यांच्या जगण्यातून ही कविता कशी घडली, हे सांगताना नजर मागच्या बाकाकडे गेली. तेथे एक विद्यार्थी नेहमीप्रमाणे पेंगत होता. मागील वर्षभर आम्ही त्याला टोकत आलो होतो. तो गोंद्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करतो आणि सकाळी तेथून थेट महाविद्यालयात येतो, हेही आम्हांला ठाऊक होते. मात्र त्या दिवशी प्रथमच त्याच्या पापण्यांचे ओझे आम्ही स्वतःच्या पापण्यांवर अनुभवत होतो.

दोघांच्याही शरीराचे घड्याळ विस्कटलेले. आमच्या जागरणाला विमानप्रवासाची प्रतिष्ठा होती. त्याच्या जागरणाला 'आळस' हे नाव आम्हीच दिले होते. शिवाय आमचे दुखणे आठ-दहा दिवसांचे, कारण भोवतीचा दिवस आणि भोवतीची माणसे आम्हांला सावरायला मदत करतात. त्याच्याबाबतीत सूर्य आणि घर, दोन्ही त्याच्या झोपेच्या विरोधात उभे असतात. घड्याळ जुळू लागते, तोवर पाळी बदलते.

आमच्या मते हा केवळ सहानुभूतीचा प्रश्न नाही. तो साहित्य शिकवण्याचाही प्रश्न आहे. 'सामाजिक जाणीव' हे शब्द आपण टिपणांत उतरवून देतो, त्यावर गुण देतो, आणि ती जाणीव बाकावर येऊन बसली की तिची गैरहजेरी मांडतो. प्रवासवर्णनातील निद्रानाशाला आपण अनुभव म्हणतो. मग रात्रपाळीच्या निद्रानाशाला तो दर्जा का नसावा?

तासानंतर आम्ही त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, "सर, मॅडम, तास दुपारी दोनला असता तर चार तास झोपून आलो असतो."

वेळापत्रकात तेवढा बदल करावा, असा अर्ज आम्ही दिला आहे.