घरातलं विज्ञान : सिलिकॉनला सिलिकॉनच!



बोटानं दाबलं की ‘टप्प’ आवाज करणारं रंगीत पॉप-इट तुमच्यापैकी पुष्कळांकडे असेल. 2021 साली तर या खेळण्यानं सगळ्यांना वेड लावलं होतं. ताणता ताणता ते एखाद्या कडेला फाटतं. मग घरातला दादा दोन थेंबांत चिकटवणारा झटपट गोंद आणतो, फाटलेल्या कडा जुळवतो आणि ऐटीत म्हणतो, “झालं काम!” दुसऱ्या दिवशी जरा ओढलं, की गोंदाची कडक पापडी एकीकडे आणि खेळणं दुसरीकडे!

गोंद खोटा होता का? मुळीच नाही. त्याच गोंदानं कपाचा तुटलेला कान घट्ट बसतो. मग इथंच काय बिनसलं?

उत्तर हवं असेल, तर आपल्या खानदेशातले जोडकाम करणारे लोक काय करतात ते आधी पाहू या.

सायकलचं पंक्चर काढताना नीट पाहिलंय का कधी? दुकानदार ट्यूब घासून खरखरीत करतो, त्यावर सोल्युशन लावतो, ते थोडं सुकू देतो आणि मग ठिगळ दाबून बसवतो. ट्यूब रबराची, ठिगळ रबराचं, आणि सोल्युशन म्हणजे तरी काय, तर पातळ द्रावकात विरघळवलेलं रबरच!

आता शेतावर चला. जळगावच्या जैन उद्योगात 1980 सालापासून पीव्हीसीचे पाइप बनतात. असे दोन पाइप जोडताना सॉल्व्हंट सिमेंट लावतात. ते पाइपाचा वरचा थर मऊ करतं. मग दोन्ही पाइपांचे मऊ थर एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि दोन पाइपांचा जणू एकच पाइप होतो. पण हेच सिमेंट केळीच्या बागेतल्या ठिबकच्या काळ्या नळीला लावून पाहा. जरा ओढलं की सुटलंच! कारण ती नळी पीव्हीसीची नाही, पॉलिथिनची आहे. म्हणून शेतकरीदादा ती चिकटवण्याच्या फंदात पडत नाहीत, कापून मध्ये जॉइनर बसवतात.

जळगावच्या सराफ बाजारातही हाच नियम. सोन्याच्या तुटलेल्या साखळीला सोनार डाख देतो, त्या डाखातही सोनं असतंच. फक्त ते लवकर वितळावं म्हणून त्यात दुसरे धातू मिसळलेले असतात.

आलं ना लक्षात? जोड टिकवायचा असेल, तर वस्तू कशाची आहे हे आधी ओळखायचं आणि तिच्याशी जुळणारंच साहित्य घ्यायचं.

हे सिलिकॉन आहे तरी कोण?

वाळूत आणि गारगोटीत सिलिकॉन नावाचं मूलद्रव्य असतं. त्याच्यापासून कारखान्यात जे मऊ रबर बनवतात, त्याचं खरं नाव सिलिकोन. बाजारात मात्र दोघांनाही सिलिकॉनच म्हणतात, आपणही तसंच म्हणू या. या रबरात सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकाआड एक हात धरून लांबच लांब साखळ्या करतात. त्या साखळ्या भक्कम असतात, म्हणून हे रबर कुकरच्या वाफेला भीत नाही आणि कडाक्याच्या थंडीतही कडक होत नाही. 1969 साली नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला, तेव्हा त्याच्या बुटांवर चढवलेल्या जोड्यांचे तळवे सिलिकॉन रबराचेच होते, बरं का!

आपल्या ठिबकमध्येही सिलिकॉन लपलेलं असतं. काही ड्रिपरच्या पोटात सिलिकॉनची छोटीशी लवचिक चकती असते. पाण्याचा दाब वाढला की ती वाकते आणि वाट अरुंद करते. त्यामुळे ओळीतल्या पहिल्या केळीला आणि शेवटच्या केळीला सारखंच पाणी मिळतं.

मग गोंद का चिकटत नाही? या साखळ्यांच्या बाहेरच्या बाजूला कार्बन आणि हायड्रोजनच्या छोट्या गटांचं पांघरूण असतं. ते कुणाला जवळच येऊ देत नाही. आळूच्या पानावरचं पाणी आठवा. ते पसरत नाही, गोळा होऊन घरंगळतं. गोंद चिकटायला आधी तो नीट पसरावा लागतो, आणि सिलिकॉनवर तो पसरतच नाही. तुमच्या वहीवरच्या स्टिकरमागे जो गुळगुळीत कागद असतो ना, त्यालाही सिलिकॉनचाच पातळ थर दिलेला असतो. म्हणून तर स्टिकर अलगद सुटतं!

करून पाहा

सेलोटेपचे दोन तुकडे घ्या. एक स्टीलच्या ताटलीवर लावा, दुसरा पॉप-इटवर. दोन्ही ओढून काढा. ताटलीवरचा जोर लावल्याशिवाय निघणार नाही, पॉप-इटवरचा चटकन निघेल. आता तिसरा तुकडा मोबाइलच्या मऊ कव्हरवर लावा. तो घट्ट बसला, तर ते कव्हर बहुधा सिलिकॉनचं नाही, दुसऱ्याच मऊ प्लॅस्टिकचं आहे. दिसायला सारखं, पण गुण वेगळे!

दुरुस्ती कशी करायची?

हे काम आई-बाबांसोबतच करायचं. हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉन सीलंटची ट्यूब मिळते. ट्यूबवर ‘सिलिकॉन’ असं लिहिलेलं आहे ना, ते वाचून घ्या. शेजारीच ॲक्रिलिकची ट्यूबही असते, ती चालणार नाही.

1. खेळणं साबणानं धुऊन पूर्ण वाळवा. हाताचं तेल राहिलं तर जोड धरत नाही. मग मोठ्यांनी कापसावर थोडं स्पिरिट घेऊन फाटलेल्या कडा पुसाव्यात. गॅस किंवा दिवा जवळ नको.

2. खाली पॉलिथिनची पिशवी पसरा. सीलंट तिला नीट चिकटत नाही, त्यामुळे नंतर ती सोलून काढता येते.

3. कडांना सीलंटचा पातळ थर लावा, कडा जुळवा आणि हलवू नका. व्हिनेगरसारखा वास आला तर घाबरू नका. काही सीलंट घट्ट होताना खरोखरच व्हिनेगरमधलं आम्ल बाहेर टाकतं. खिडकी मात्र उघडी ठेवा आणि बोटांना लागू देऊ नका.

4. निदान एक दिवस हात लावू नका. हे सीलंट हवेतली वाफ घेऊन बाहेरून आत घट्ट होत जातं. म्हणून धुळ्याच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत त्याला जास्त वेळ लागतो, श्रावणातल्या दमट हवेत कमी.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक गंमत. काही मूर्तिकार मूर्तींचे साचे सिलिकॉनचे करतात. हे सिलिकॉन दोन डब्यांत येतं, दोन्ही मिसळले की घट्ट होतं. त्यात दोन घराणी आहेत. एकाला घट्ट करायला कथलाचं संयुग लागतं, दुसऱ्याला प्लॅटिनमचं. कथलाच्या घराण्यातला साचा फाटला आणि त्यावर प्लॅटिनमवालं सिलिकॉन ओतलं, तर ते जोडाच्या जागी घट्टच होत नाही, चिकट लगदा राहतो. म्हणजे नुसतं सिलिकॉन असून भागत नाही, घराणंही जुळावं लागतं! प्लॅटिनमवालं तर इतकं नाजूक, की गंधक असलेल्या रबरी हातमोज्यांचा स्पर्शही त्याचं काम बिघडवतो. म्हणून हे कारागीर आधी एका कोपऱ्यात थोडंसं लावून बघतात आणि मगच पुढचं काम करतात.

जिथे दुरुस्ती करायचीच नाही

आई-बाबांनो, हा भाग तुमच्यासाठी. कुकरची रिंग चिरली तर ती चिकटवू नका, कंपनीची आणि मापाची नवीनच आणा. आत दाबाखालची वाफ असते, तिथं काटकसर नको. बाळाच्या दुधाच्या बाटलीचं बूच चिरलं तर ते टाकूनच द्या. हार्डवेअरच्या ट्यूबा खिडक्या आणि बाथरूमसाठी असतात. बुरशी धरू नये म्हणून काहींत औषधही घातलेलं असतं. ते तोंडात जाता कामा नये.

आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या श्रवणयंत्राचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा मऊ साचा, कडेला चिरला. घरच्यांनी सीलंटची ट्यूब आणूनही ठेवली होती. तिची आई सहज विचारायला शाळेत आली, म्हणून बरं झालं. कानाची कातडी नाजूक असते. सीलंटमुळे खाज सुटली असती, पुळ्या आल्या असत्या, आणि कडेला जरा उंचवटा राहिला असता तरी यंत्र शिट्टी मारत बसलं असतं. शिवाय वाढत्या वयात मुलांचा कानही वाढतो, त्यामुळे मोल्ड अधूनमधून नवीन करावाच लागतो. आई तिला श्रवणतज्ज्ञांकडे घेऊन गेली. मोल्ड तयार होईपर्यंत आम्ही तिला पहिल्या बाकावर बसवलं. आता नवीन मोल्ड आलाय आणि बाईसाहेब पुन्हा मैत्रिणीजवळ, तिसऱ्या बाकावर!

तेव्हा दोस्तांनो, एखादी वस्तू फाटली की लगेच गोंदाकडे धावू नका. आधी तीन प्रश्न विचारा : ही वस्तू कशाची आहे? तिच्याशी काय जुळेल? आणि ती तोंडाशी, कानाशी किंवा वाफेशी तर येत नाही ना?

या आठवड्याचा अभ्यास : घरात सिलिकॉनच्या पाच वस्तू शोधा. वहीत दोन रकाने आखा, ‘दुरुस्त करता येतील’ आणि ‘नवीनच आणायच्या’. कोणती वस्तू कुठल्या रकान्यात आणि का, ते आम्हाला जरूर कळवा. कळवाल ना?