सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड

दाराला कुलूप लावायचे आणि किल्ली त्याच कुलपाला टांगून ठेवायची, याला कोणी राखण म्हणत नाही. तरीही आपल्या कितीतरी शाळांच्या संगणक कक्षांत हेच चालते. वीस संगणक, सगळ्यांना एकच पासवर्ड, आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला. शिपायापासून सहावीच्या पोरापर्यंत सर्वांना तो पाठ. उलट ज्या एका संगणकाला खरोखर कुलूप हवे, तो ऑफिसमधला संगणक बटण दाबताच थेट उघडतो, कारण पासवर्ड टाकण्याचा कंटाळा मोठ्यांना अधिक असतो. माझे म्हणणे असे की आपण हे सगळे उलटे करून ठेवले आहे, आणि ते सरळ करायला फार तर एक दुपार लागेल.

हा विषय आताच काढण्याचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. आपल्या शाळांतले बरेच संगणक इतके जुने आहेत की विंडोज ११ त्यांना स्वीकारत नाही. ते भंगारात काढायचे की त्यांवर लिनक्स बसवायचे, हा सवाल समोर आहे. लिनक्स मोफत आहे, आणि एक्सएफसीईसारख्या हलक्या डेस्कटॉपसह ते जुन्या यंत्रावरही बरे चालते. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पातून पुढे मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली. आज तिथली ‘काइट’ ही संस्था उबुंटूवर आधारलेली प्रणाली शाळांना पुरवते. म्हणजे हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेलेला आहे. मात्र नवी प्रणाली बसवताना जुन्या सवयी तशाच उचलून आणल्या, तर फक्त पडद्याचा रंग बदलेल.

आधी यंत्र सुरू होताना काय घडते ते पाहू. लिनक्समध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवता येतात. पहिली, यंत्राने कुठवर जाऊन थांबायचे. काळ्या पडद्यावर अक्षरे टाइप करण्यापाशी, की चित्रे आणि खिडक्या असलेल्या डेस्कटॉपपर्यंत? हल्लीच्या बहुतेक लिनक्समध्ये ही सूत्रे सिस्टमडीकडे असतात. पहिल्या मुक्कामाला तो ‘मल्टी-यूजर टार्गेट’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘ग्राफिकल टार्गेट’. सुरुवातीचा मुक्काम कोणता असावा, हे एका आज्ञेने कायमचे बदलता येते. दुसरी गोष्ट, डेस्कटॉपच्या दारावर कोणी ‘आप कौन?’ म्हणून विचारायचे की नाही. हे काम दारावरच्या एका वेगळ्या प्रोग्रामचे. उबुंटूत तो जीडीएम, मिंटमध्ये बहुधा लाइटडीएम, केडीई डेस्कटॉपसोबत बहुधा एसडीडीएम. त्याला एखाद्या खात्याचे नाव सांगून ठेवले की तो न विचारता त्या खात्यात सोडतो. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये ‘यूजर्स’खाली आणि मिंटच्या ‘लॉगिन विंडो’त यासाठी सोय असते. फाइलींत हात घालण्याची गरज सहसा पडत नाही.

मुलांच्या संगणकावर ही सोय चालू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली पाच मिनिटे पासवर्डात गेली, तर शिकवण्याचा सातवा हिस्सा गेला. उर्दू माध्यमाच्या मुलाची एक लिपी उजवीकडून डावीकडे जाते, दुसरी डावीकडून उजवीकडे. त्याच्यापुढे लॉगिनच्या पडद्यावर तिसरी लिपी येते, आणि तीही दिसत नाही, नुसते ठिपके उमटतात. चूक कुठे झाली ते कळत नाही, मागे रांग खोळंबलेली असते. ज्याच्या घरी संगणक नाही, त्या मुलाची यंत्राशी पहिली ओळख ‘चुकीचा पासवर्ड’ या शब्दांनी का व्हावी? आधी त्याला चित्र काढू द्या, स्वतःचे नाव नस्तालिकमध्ये आणि देवनागरीत उमटलेले पाहू द्या. काळा पडदाही त्याने पुढे जरूर शिकावा, पण पाटी हातात देण्याआधी व्याकरण विचारू नये.

यावर काही शिक्षक म्हणतात, मुलांना पासवर्डाची सवय नको का? हवीच. पण फळ्यावर लिहिलेल्या पासवर्डाने कोणती सवय लागते? पासवर्ड ही सगळ्यांना सांगायची चीज आहे, हीच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत एकच यंत्र अनेक जण वापरू लागले, तेव्हा प्रत्येकाच्या फाइली त्याच्यापुरत्या राहाव्यात म्हणून तिथे पासवर्ड आला. ज्यात माझे काही नाही, त्याला माझा पासवर्ड असण्यात अर्थ नाही. आठवी-नववीत मुलाला स्वतःचे खाते द्या, त्यात त्याचे काम साठू द्या, मग पासवर्ड सांभाळणे तो आपोआप शिकेल.

अर्थात दार उघडे ठेवायचे तर आत काय ठेवायचे नाही, हे आधी ठरवले पाहिजे. आपोआप उघडणारे खाते साध्या वापरकर्त्याचे असावे, प्रशासकाचे कधीही नसावे. मग मुलांना फार तर त्यांच्याच खात्यात गोंधळ घालता येतो, यंत्राच्या मुळाला धक्का लागत नाही. दुसरे, ब्राउझर. सकाळच्या तासाला एखाद्या मुलीने ई-मेल उघडला आणि बंद न करता ती उठली, तर दुपारच्या तासाला तिची पत्रे दुसऱ्याच्या हाती पडतात. आपल्या वस्तीत एखाद्या मुलीचे शिक्षण थांबायला एवढे निमित्त पुरते, हे शिक्षकांना सांगायला नको. म्हणून बंद होताना ब्राउझरने सगळे पुसून टाकावे अशी सेटिंग करावी, किंवा लाइटडीएमचे पाहुणा-सत्र वापरावे. त्यात बाहेर पडताच सगळे साफ होते.

आता ऑफिसचा संगणक. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आईबापांनी विश्वासाने दिलेली आधार कार्डे, उत्पन्नाचे दाखले, बँक पासबुकांच्या प्रती त्यात असतात. ही अमानत आहे. रिक्षा चालवणाऱ्या बापाला आपला कागद कुठे साठवला जातो हे विचारायचे सुचत नाही, म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही, वाढते. मुलांच्या माहितीला जपण्याची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही घातली आहे. इथे आपोआप लॉगिन बंदच हवे. शिवाय ते चालू केले की लिनक्सची किल्ल्यांची पेटी, म्हणजे कीरिंग, उघडत नाही आणि ब्राउझर पुन्हा पासवर्ड मागतो. वैतागून लोक त्या पेटीचा पासवर्ड रिकामा करून टाकतात. मग साठवलेले सगळे पासवर्ड उघड्यावर पडतात.

आणखी एक गोष्ट. नुसता लॉगिनचा पासवर्ड ही कडी आहे, तिजोरी नव्हे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने यंत्र सुरू करून कोणीही फाइली वाचू शकतो. म्हणून ऑफिसच्या संगणकावर लिनक्स बसवतानाच संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडावा. नंतर ते करणे किचकट आहे. तो पासवर्ड मात्र दोन जबाबदार माणसांकडे असावा, कारण तो हरवला तर माहितीही गेली.

मुख्याध्यापकांनी आणि संस्थेच्या लोकांनी हे काम संगणक बसवणाऱ्या माणसावर सोडू नये. तो सगळ्या यंत्रांना एकच साचा लावून निघून जाईल. कोणते यंत्र मुलांचे, कोणते अमानतीचे, याची यादी आपणच करून त्याच्या हातात द्यायची आहे. आणि फळ्यावरचा तो पासवर्ड पुसला, की तिथे एखादा उपयोगी शब्द लिहायला जागा होईल.