दोन गिगाहर्ट्झचं वचन

२००८ सालची गोष्ट. नोकरीला लागून वर्ष झालं होतं, पहिला बोनस हातात पडला होता आणि पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मला आणि माझ्या रूममेटला एकदमच नवीन पीसी जुळवायचा किडा चावला. एका शनिवारी पहाटेची गाडी पकडून आम्ही मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठला. एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे दोन ड्युअल कोअर प्रोसेसर घेतले. डब्यावर छापलेलं: २ गिगाहर्ट्झ. मदरबोर्ड सारखा, रॅम सारखी, पंखासुद्धा सारखा.

त्याच रात्री ओव्हरक्लॉकिंग सुरू. त्याचा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर मजेत चालला. माझा २.६ च्या पुढे गेला की निळा स्क्रीन!

"अरे, तू थर्मल पेस्ट नीट लावली नसशील," तो म्हणाला. मी तीनदा पुसून लावली. शेवटी पहाटे दोन वाजता आम्ही चिप्सची अदलाबदल केली. माझी चिप त्याच्या बोर्डवरही २.६ लाच अडली आणि त्याची माझ्या बोर्डवर बिनबोभाट ३ ला गेली. म्हणजे दोष ना माझ्या हाताचा, ना पेस्टचा. फरक चिपमध्येच होता.

आता हे असं का होतं? हाताची पाच बोटं सारखी नसतात, तसंच. ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या एका चकतीतून, म्हणजे वेफरमधून, शेकडो चिप्स निघतात. पण प्रकाशाने नक्षी उमटवणं, नको तो भाग खरवडणं, थर चढवणं, यातलं काहीच चकतीच्या मध्यापासून कडेपर्यंत अगदी एकसारखं होत नाही. कुठे ट्रान्झिस्टरचं गेट किंचित रुंद, कुठे किंचित अरुंद. शिवाय सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेले परके अणू नेमके कुठे जाऊन बसतील यावर कोणाचाच ताबा नाही. ट्रान्झिस्टर जितका लहान, तितका या नशिबाचा फटका मोठा.

आणि चिपचा वेग सरासरीने ठरत नाही. २ गिगाहर्ट्झला घड्याळाच्या एका ठोक्यात अर्धा नॅनोसेकंद मिळतो, ३ ला एक तृतीयांश नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रत्येक सिग्नलने आपली वाट पार करायची. लाखो वाटांपैकी एक जरी उशिरा पोचली, तरी उत्तर चुकलं. ट्रेकला जाणाऱ्यांना हे लगेच कळेल. ग्रुप राजगडावर किती वाजता पोचणार हे पुढे पळणारे ठरवत नाहीत, सगळ्यात मागे राहिलेला ठरवतो.

व्होल्टेज वाढवलं की मागे राहिलेला जरा पाय उचलतो. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यात गंमत अशी की जे ट्रान्झिस्टर मुळातच चपळ असतात, ते बहुधा गळकेही असतात. बंद असतानाही त्यांतून वीज झिरपते. म्हणून वेगवान चिप गरम निघते, आणि थंड चिपला पळवायला जास्त व्होल्टेज लागतं.

कंपनी प्रत्येक चिप तपासते आणि वेगवेगळ्या वर्गांत टाकते. पण डब्यावरचा आकडा केवळ तपासणीने ठरत नाही, बाजारही ठरवतो. स्वस्त मॉडेलला मागणी जास्त असली की चांगली चिपही खालच्या नावाने विकली जाते. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए ची आठवण अजून कित्येकजण काढतात. ३०० मेगाहर्ट्झच्या किमतीत घ्यायची आणि ४५० ला चालवायची! २००९ मध्ये एएमडीच्या तीन कोअरच्या फिनॉम २ मधला बंद केलेला चौथा कोअर काही बोर्डांवर जागा करता यायचा. काहींचा ठणठणीत निघाला, काहींचा खरंच बिघडलेला होता.

यावरून आमच्या पिढीने एक सिद्धांत काढला: कंपनी आपल्या हक्काचे मेगाहर्ट्झ दाबून ठेवते. मीही हे तावातावाने सांगत फिरायचो. आज मला ते साफ चुकीचं वाटतं, आणि त्यामागे एक कारण आहे.

रूममेटशी बरोबरी करायची म्हणून मी व्होल्टेज चढवून २.८ गाठलं. मशीन हँग व्हायचं नाही. प्राईम९५ ची चाचणी लावली की तीन-चार तासांनी एका कोअरवर एक चूक यायची. मी ती खिडकी बंद करायचो आणि रूममेटला सांगायचो, "रॉक स्टेबल!"

त्याच मशीनवर मी आजोबांच्या भजनाच्या अकरा कॅसेट्स कॉम्प्युटरवर घेतल्या आणि एकेक झिप करून ठेवल्या. आजोबा गेल्यावर, काही वर्षांनी, आईने ते आवाज मागितले. अकरापैकी तीन झिप उघडल्याच नाहीत. सीआरसी एरर. दुसऱ्या डिस्कवरच्या कॉपीतही त्याच तीन, त्याच जागी तुटलेल्या. म्हणजे डिस्क निर्दोष. चूक फाइल बनतानाच झाली होती. कॅसेट्सना तोवर बुरशी लागली होती.

मशीन कधीच हँग झालं नाही, हे लक्षात घ्या. क्रॅश हा खरं तर प्रामाणिक प्रकार, तो सांगून येतो. मुकाट्याने चुकणं वाईट. आणि ते ओव्हरक्लॉक न करताही घडू शकतं. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी त्यांच्या सर्व्हरमधल्या एका कोअरची हकीकत लिहिली. १.१ चा ५३ वा घात काढला की पूर्णांकात १५६ यायला हवेत, तो ० सांगायचा. त्यापायी फाइलचा आकार शून्य समजला जाऊन डेटा गायब होत होता.

म्हणून माझं मत असं. डब्यावरचा आकडा म्हणजे चिपची लायकी नव्हे, ते वचन आहे. मे महिन्याचा उकाडा, पंख्यात साठलेली धूळ, पडलेलं व्होल्टेज, पाच वर्षांनी थकलेले ट्रान्झिस्टर, या सगळ्यात उत्तर बरोबर येईल याचं वचन. त्यावरचा जो मोकळा पट्टा आपल्याला 'वाया गेलेला' वाटतो, त्याच्या जोरावरच दोन असमान चिप्स एकाच नावाने विकता येतात. माझी चिप नापास नव्हती. तिने २ कबूल केले होते, ते तिने शेवटपर्यंत पाळले. कबुलीच्या बाहेरचं मी मागितलं.

हल्ली टर्बोच्या नावाखाली हा पट्टा कंपन्या स्वतःच बराचसा वापरून टाकतात, त्यामुळे आपल्या हाती फारसं उरत नाही. आणि २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचं उघड झालं. ते अस्थिर होत होते, आणि इंटेलला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

ओव्हरक्लॉकिंग करूच नका असं मी म्हणणार नाही. गेम खेळायच्या मशीनवर जरूर करा, मजा आहे. पण ज्या मशीनवर परत न मिळणारं काही ठेवणार असाल, ते डब्यावरच्या आकड्यावरच राहू द्या. आणि चाचणीत एक चूक दिसली तर ती एकच आहे म्हणून खिडकी बंद करू नका.

आईकडे आठ कॅसेट्सचे आवाज आहेत. उरलेल्या तीनमध्ये काय होतं, ते ती मला अधूनमधून गुणगुणून दाखवते.