नानांचं जहाज



या महिन्यात एका लहानशा जहाजाची गोष्ट सांगायची आहे. त्यात आमची एक चूकही आहे, ती आधीच कबूल करतो.

आमच्या शाळेत नववीत शिकणारा राजिवड्याचा एक मुलगा. हाताने कुशल. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याने लाकूड, प्लाय आणि पुठ्ठा वापरून 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका बनवली. खरं जहाज सुमारे २१३ मीटर लांब होतं. मुलाने ३५० पट लहान करायचं ठरवलं, म्हणजे मॉडेल ६१ सेंटिमीटरचं झालं. हिशेब त्याने स्वतः केला होता. आम्ही खूश झालो आणि रंगाबद्दल सल्ला देऊन मोकळे झालो: "हार्डवेअरच्या दुकानातून करडा ऑइलपेंट आण, दोन हात मार. चकचकीत दिसलं पाहिजे, परीक्षकांच्या नजरेत भरलं पाहिजे."

चकचकीत झालं आणि नजरेतही भरलं. पहिलं बक्षीस मिळालं.

दुसऱ्या दिवशी मुलाचे नाना प्रदर्शन बघायला आले. ते नौदलात होते. १९७१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते याच 'विक्रांत'वर होते. ते टेबलापाशी बराच वेळ उभे राहिले, चष्मा पुसून पुन्हा वाकून बघितलं. मग आम्हाला म्हणाले, "मास्तर, जहाज सुंदर आहे. पण माझं नव्हे."

मुलाचा चेहरा उतरला. त्याने ते नानांसाठीच केलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

चूक कुठे झाली? मॉडेलच्या डेकचं पुढचं टोक वर उचललेलं होतं, घसरगुंडी उलटी ठेवल्यासारखं. मुलाने मोबाइलवर फोटो शोधले होते. काही फोटो कोचीत बांधलेल्या आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आलेल्या नव्या 'विक्रांत'चे होते, काही जुन्या 'विक्रांत'च्या शेवटच्या वर्षांतले. दोन्हींवर ते उचललेलं टोक दिसतं. सी हॅरियर विमानांना थोड्या अंतरात उडता यावं म्हणून जुन्या जहाजावर १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते बसवलं गेलं. नानांच्या काळात डेक सपाट होता. तेव्हा वाफेच्या जोरावर विमानाला पुढे फेकणारं यंत्र होतं आणि सी हॉक व अलिझे ही विमानं होती. ४ डिसेंबर १९७१ रोजी कॉक्स बझारवर हल्ला करणारी सी हॉक त्याच सपाट डेकवरून उडाली होती.

म्हणून पहिला धडा असा, की जहाजाचं मॉडेल करताना आधी वर्ष ठरवावं. जहाजही माणसासारखं बदलत जातं. 'विक्रांत'चा सांगाडा १९४३ साली इंग्लंडात 'हर्क्युलिस' या नावाने सुरू झाला, १९४५ साली तो पाण्यात उतरला आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला आपल्या नौदलात आला. ३१ जानेवारी १९९७ रोजी जहाज निवृत्त झालं. एकाच नावाचं जहाज, पण १९६१चं वेगळं, १९७१चं वेगळं, १९९५चं वेगळं. पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या फोटोला पांढरी दाढी लावली तर घरचे लोक त्याला ओळखतील का?

आम्ही नानांना विचारलं, "चाचा, रंग तरी बरोबर आहे ना?" ते हसले. "करडा होता हे खरं. पण असा ताटासारखा चमकत नव्हता."

हा दुसरा धडा आम्हाला गणिताच्या तासाला उपयोगी पडला. फळ्यावर हिशेब मांडला: मॉडेल आपण ३० सेंटिमीटरवरून बघतो. ३५० पट लहान जहाजासाठी हे अंतर म्हणजे १०५ मीटर. शंभर मीटरवरचं जहाज कसं दिसतं? मांडवीच्या जेटीवर उभं राहून लांबची होडी बघा. मधल्या हवेमुळे रंग फिका पडतो, काळा गडद करडा वाटतो, चमक जवळजवळ दिसत नाही. म्हणून खऱ्या जहाजाच्या डब्यातला रंग जसाच्या तसा मॉडेलवर लावला तर तो जास्त गडद वाटतो. करड्यात थोडा पांढरा मिसळावा. शुद्ध काळा कुठेच लावू नये, गडद करडा लावावा. आणि शेवटचा हात बिनचमकीचा, मॅट असावा.

जाडीचाही हिशेब झाला. पावणेदोन मीटर उंचीचा खलाशी या मापात ५ मिलिमीटरचा होतो. डेकच्या कडेचा एक मीटर उंच कठडा ३ मिलिमीटरपेक्षाही कमी. सी हॉक विमान साडेतीन सेंटिमीटरचं. अशा ठिकाणी ऑइलपेंटचे दोन जाड हात मारले की दारं, खिडक्या, शिड्या सगळं बुजून जातं. आमच्या सल्ल्याने नेमकं तेच झालं होतं.

मुलगा जहाज घरी घेऊन गेला. आठवडाभर ते कपाटावर पडून होतं. मग एक दिवस म्हणाला, "सर, पुन्हा करतो."

शिकायला तो मिरकरवाड्याला गेला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून रंगवल्या जातात. तिथल्या एका रंगाऱ्याने त्याला जे दाखवलं तेच लहान मापात लागू पडतं. जुना रंग आणि खारटपणा काढल्याशिवाय नवा रंग धरत नाही. मुलाने डेकचं टोक कापून सपाट केलं, फटी लांबीने भरल्या, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारला. (प्लास्टिकचा तयार संच असेल तर सुटे भाग आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत. साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग सुटतो.) मग अस्तराचा एक पातळ हात. अस्तर बसलं की लाकडातले खड्डे दिसू लागतात. ते पुन्हा भरायचे, पुन्हा घासायचे. या वेळी रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक घेतला. पातळ करून तीन-चार हात, दोन हातांच्या मध्ये पूर्ण वाळू द्यायचं.

सगळ्यात कठीण पाण्याची रेषा. खाली तांबडा, वर करडा, मध्ये काळसर पट्टा. हा तांबडा काही शोभेचा नाही. शंख-शिंपले आणि शेवाळ तळाला चिकटू नये म्हणून जहाजांना तांब्याची संयुगं असलेला रंग लावत आले आहेत, त्यातून तो रंग रूढ झाला. रेषा हाताने ओढू नये. जहाज सपाट टेबलावर पक्कं बसवावं, ठरलेल्या उंचीच्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी ठेवावी आणि ठोकळा जहाजाभोवती फिरवावा. रेषा आपोआप समपातळीत येते. त्यावर चिकटपट्टी लावून नखाने कड दाबावी. रंग पुरता कडक होण्याआधी पट्टी हळूच, तिरकी काढावी.

घरातल्या आयांसाठी एक सूचना. ऑइलपेंट आणि थिनर वापरणार असाल तर खिडकी उघडी हवी, गॅसची शेगडी जवळ नको, लहान भावंडं दूर हवीत. आणि फुंकणी-स्प्रे वापरला तर तोंडाला मास्क हवाच.

रंग उत्तम झाला. मग मुलाने पुस्तकी हौस केली. जहाज 'जुनं' दिसावं म्हणून सगळीकडे गंजाचे तपकिरी ओघळ काढले. ते बघून नाना खरोखर रागावले. "गंज? आमच्या जहाजावर? अरे, आम्ही सकाळपासून घासायचो, खरवडायचो, रंगवायचो. ही भंगारातली होडी आहे का?"

मुलगा चपापला, आम्हीही. युद्धनौकेवर माणसं असतात, आणि गंज दिसला की तो त्या माणसांच्या कामावरचा शेरा असतो, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग नानांनीच सांगितलं काय मळायचं ते. धुराड्याच्या तोंडाशी काजळी. विमानांची चाकं टेकत तिथे डेकवर काळपट पट्टे. नांगराच्या साखळीखाली थोडासाच ओघळ. ऊन आणि खाऱ्या पाण्याने विटलेला डेक. मुलाने गडद रंग अगदी पातळ करून फटींतून सोडला आणि वरचा लगेच फडक्याने पुसला. कोरड्या ब्रशवर उरलेला फिका रंग कडांवरून नुसता फिरवला. ओघळ बोटभर लांब काढायचा नाही, हेही हिशेबाने ठरलं: खऱ्या जहाजावरचा एक मीटरचा डाग इथे ३ मिलिमीटरसुद्धा भरत नाही.

एक प्रश्न मात्र सुटला नाही. डेकवर विमानं ओढणारा छोटा ट्रॅक्टर कोणत्या रंगाचा होता? नानांना आठवेना. कधी म्हणत पिवळा, कधी म्हणत नाही. त्यांच्याकडचे फोटो कृष्णधवल. अशा फोटोंवरून रंग ठरवणं फसवं असतं. काही जुन्या फिल्म तर तांबड्याला दादच देत नसत, तांबडं त्यांत काळं उमटे. मुलगा म्हणाला, "पिवळा लावतो, कोणाला कळणार?" आम्ही गप्प राहिलो. दोन दिवसांनी त्याने स्वतःच ट्रॅक्टर डेकवरून उचलला आणि जहाजाखाली चिठ्ठी लावली: 'हे जहाज डिसेंबर १९७१ मधलं आहे. ट्रॅक्टरचा रंग माहीत नाही, म्हणून ट्रॅक्टर ठेवलेला नाही.' आमच्या मते पहिलं बक्षीस खरं या चिठ्ठीला द्यायला हवं होतं.

खरं जहाज आता नाही. काही वर्षं ते मुंबईत संग्रहालय होतं. तुमच्यापैकी कित्येक जण सहलीत ते बघून आले असतील. २०१२ साली ते बंद झालं, २०१४ साली भंगारात विकलं गेलं आणि दारूखान्यात तोडलं गेलं. त्याचं काही लोखंड पुढे मोटारसायकलींच्या टाक्यांत गेलं. म्हणजे नाना जिथे उभे राहत ती जागा आता जगात कुठेच नाही. ६१ सेंटिमीटरच्या या लाकडावर आहे तेवढीच. जहाज पूर्ण झालं त्या दिवशी त्यांनी डेकच्या कडेला एका जागी करंगळी ठेवली आणि नातवाला म्हणाले, "इथं."

आपल्या किनाऱ्यावर असे नाना-दादा घरोघरी होते. दुसऱ्या महायुद्धाआधी रॉयल इंडियन नेव्हीच्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुसलमानांचा भरणा मोठा होता. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात 'बंगाल' या त्या नौदलाच्या चिमुकल्या सुरुंगकाढू जहाजाने, 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजासह, दोन बलाढ्य जपानी जहाजांशी झुंज दिली आणि त्यातलं 'होकोकू मारू' बुडालं. अशा जहाजांवर काम केलेल्यांचे फोटो, बिल्ले, पुस्तिका आजही कितीतरी घरांत पेटीच्या तळाशी पडून असतील.

एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांची मॉडेलं बनवण्याची स्पर्धा असते. ज्यांच्या मुलांना आवड आहे त्यांनी तिकडे जरूर चौकशी करावी. पण त्याआधी एक काम करा. या जुम्म्याला, जेवणं झाल्यावर, ती पेटी उघडा. घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने जहाजाचं नाव, साल, कोण कुठे उभं आहे ते लिहा. आणि विसरू नका, रंग विचारा. तो फोटोत नाही, फक्त त्यांच्या डोळ्यांत आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. दुआ करा. पट्टी निघाल्यावर ते पुन्हा जहाज बघणार आहेत, आणि मुलगा आत्तापासून धास्तावला आहे, की आता स्वच्छ दिसायला लागल्यावर ते आणखी काय चुका काढतील!